नावे ठेवत मालिका पाहणारे गाव

मराठी मालिकांना प्रेक्षक नावे ठेवतात यात नवल राहिलेले नाही. नवल वाटते ते याचे, की नावे ठेवणारेच रोज ठरल्या वेळी पडद्यासमोर बसलेले असतात. मालिका करणाऱ्यांनी या विसंगतीचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतला आहे. लोक बोलतात एक आणि पाहतात दुसरे, तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे फार लक्ष देऊ नये, पाहण्याचे आकडे तेवढे बघावेत, असा तो अर्थ. वरवर तो बिनतोड वाटतो. विदर्भातल्या खेड्यात मालिकांवर चालणारे बोलणे ज्याने कान देऊन ऐकले आहे, त्याला मात्र तो पटणे कठीण आहे. खेड्यातल्या प्रेक्षकाची टीका त्याच्या अभिरुचीवरून किंवा अडाणीपणावरून समजावून सांगता येत नाही. मालिका आणि प्रेक्षक यांच्यातला व्यवहारच असा ठरला आहे, की त्यात प्रेक्षक मोजला जातो पण त्याला काही विचारले जात नाही. टीकेची बहुतेक मुळे शोधत गेले की या एका गोष्टीपाशी येऊन थांबावे लागते.

ही टीका ऐकायला कापूस वेचणीचे दिवस सगळ्यात चांगले. कंबरेला ओटी बांधून बायका कपाशीचे एकेक तास, म्हणजे ओळ, धरतात, हात बोंडांवर चालतो आणि तोंड रात्रीच्या मालिकेवर. "झोपतानी बी नथ काढत नाई वं ते, रुतत नसन काय तिले?" असे एक जण विचारते. दुसरीचे म्हणणे, की ज्या घरात चार सुना नांदतात तिथे धुण्याची बादली वर्षभरात एकदाही दिसू नये, हे घर आहे की दुकान. तिसरीला सासूच्या कारस्थानांचे वावडे नाही. पण सकाळपासून कारस्थाने करायला त्या बाईला वेळ मिळतो कुठून, स्वयंपाक कोण करते, हा तिचा प्रश्न आहे. मजुरी किलोवर असल्यामुळे यासाठी कोणी हात थांबवत नाही. शेवटी "असं कुठं असते काय?" असे कोणीतरी म्हणते आणि तास संपतो.

ऐकणाऱ्याला ही एकच तक्रार वाटते. कोण म्हणते आणि कशावरून म्हणते हे पाहिले, तर तिच्यात निदान तीन वेगळ्या तक्रारी गुंतलेल्या आढळतात. मालिका खोटी वाटते ही एक; तिच्यात आपण कुठेच नाही ही दुसरी; आणि ती आपल्या घरात नको ते शिकवते ही तिसरी. तिघींची मुळे वेगळी आहेत, आणि तिघींना सारखाच मान द्यावा असेही नाही.

खोटेपणाचे खापर आपण सहसा लेखकावर किंवा नटांवर फोडतो. त्यांच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. दैनंदिन मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि त्या तिघांवर वाहिनीच्या कचेरीतल्या मंडळींची नजर, अशी कामाची वाटणी असते. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत कधी कधी मोजक्या दिवसांचे अंतर उरते. एकदा उभा केलेला दिवाणखाना रोज भाडे खातो, म्हणून कथेला त्याच्या बाहेर पडणे परवडत नाही. मोरी, परसदार किंवा गोठा उभारायचा म्हटले की खर्च वाढतो, आणि धुण्याची बादली दिसत नाही ती त्यामुळे. नथीचे आणि साडीचे कारण आणखी सरळ आहे. नायिकेचा साज हा स्वतंत्र बाजार असतो. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतल्या नायिकेच्या नावाने, म्हणजे 'जान्हवीचे मंगळसूत्र' म्हणून, एक घडण सराफांच्या काचेत आणि आठवडी बाजारातल्या नकली दागिन्यांच्या गाडीवर एकाच वेळी विकली जात होती. जो दागिना ओळखीचा व्हावा अशी योजना आहे, तो नायिकेने झोपताना उतरवावा ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल. वेचणाऱ्या बाईचा प्रश्न अचूक असतो. उत्तर तेवढे तिला कोणी सांगत नाही.

खोटेपणाचाच दुसरा भाग म्हणजे कथेत पाणी घालणे, आणि सगळ्यात जास्त शिव्या खातो तो हाच प्रकार. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा नियमाने घातलेली आहे, त्यातली दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींना आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातींना. अर्ध्या तासाच्या खिडकीत उरलेल्या वेळातून आदल्या भागाची उजळणी आणि पुढच्या भागाची चाहूल वजा केली, तर नवे काही घडायला फार जागा राहत नाही. एका वाक्यावर घरातल्या आठ जणांचे चेहरे पाळीपाळीने दाखवले, की त्या जागेचाही निकाल लागतो. कथा संपवणे मात्र वाहिनीला नको असते, कारण नव्या मालिकेसाठी नवे घर, नवी जाहिरात आणि प्रेक्षकाची नवी सवय हे सगळे पुन्हा उभे करावे लागते. चालती मालिका बंद करण्यापेक्षा ती ताणणे स्वस्त पडते. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांत कथा आटोपायची पद्धत होती. त्या मालिकाही काही सगळ्या थोर नव्हत्या, पण त्या संपत असत, आणि संपणार हे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असे.

या संदर्भात 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेचे उदाहरण विदर्भाला जवळचे आहे. २२ ऑगस्ट २०१६ रोजी ती सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. तिची नायिका राधिका नागपूरची, नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाशी झगडणारी आणि नागपुरी वळणाचे बोलणारी. आमच्या भागाची बोली बोलणारी बाई पोटभर हसवण्यासाठी नेमलेली नसून कथेच्या मध्यभागी उभी आहे, ही गोष्ट मराठी मालिकांत नवीच होती. 'आमच्याकडे कोणी असं बोलत नाही' म्हणून तिच्या उच्चारांना नावे ठेवणारे गावोगाव होते, आणि तरीही ती आपली वाटत होती. नवऱ्याचा तो एकच प्रश्न मात्र साडेचार वर्षे चालला. त्या साडेचार वर्षांत तिच्यावर झाली तेवढी थट्टा क्वचितच दुसऱ्या मालिकेच्या वाट्याला आली असेल, आणि त्याच काळात ती लोकप्रियतेच्या यादीत दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर होती. मालिकावाल्यांना यातून त्यांचा सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखा वाटतो. मला त्यातून यादीच्या मर्यादा दिसतात.

ही यादी कशी तयार होते हे पाहिले पाहिजे, कारण प्रेक्षक 'टीआरपी' हा शब्द रोज वापरतो, पण त्यात आपला वाटा किती हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पूर्वीची मोजणी मुख्यतः शहरांपुरती होती. प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ च्या एप्रिलमध्ये आकडे द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण भाग त्या आकड्यांत आला. म्हणजे देशात दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर छप्पन्न वर्षांनी, आणि मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी, खेड्यातला माणूस नीट मोजणीत आला. २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि मोजणीची यंत्रे सुमारे ४४ हजार घरांत होती. साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक घर. यात गैर काही नाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते आणि संख्याशास्त्र तेच करते. प्रश्न परीक्षा कशाची होते हा आहे. संच कोणत्या वाहिनीवर चालू होता आणि घरातल्या कोणत्या माणसाने आपले बटण दाबले होते, एवढेच ते यंत्र सांगते. समोर बसलेला माणूस रमला होता, चडफडत होता, तूर निवडता निवडता अधूनमधून मान वर करत होता, की खाटेवर डोळा लागला होता, हे त्याला कळत नाही. दर गुरुवारी आकडे येतात आणि पुढच्या आठवड्याची कथा त्यावर हलते. अशा मोजणीत चडफड आणि आनंद यांची किंमत एकच होते, आणि चडफड निर्माण करणे तर फारच सोपे असते.

'आवडत नाही तर बघू नका, रिमोट तुमच्याच हातात आहे', हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो शहरातल्या, घरात दोनतीन पडदे असलेल्या माणसाला शोभतो. खेड्यात संच बहुधा एक असतो आणि रिमोट कोणाच्या हातात असतो हे घरातल्या नात्यांवर ठरते. म्हातारीला ऐकू कमी येते म्हणून आवाज मोठा; आवाज मोठा म्हणून ओसरीवर बसलेल्यालाही मालिका ऐकावीच लागते. सुनेला स्वयंपाक उरकून शेवटची दहा मिनिटे मिळतात आणि मधले सगळे तिने जावेकडून ऐकलेले असते. रब्बीत शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली, की घरातला कर्ता पुरुष हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जातो आणि जे काय घडले ते दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ऐकतो. नाटकाला जाणे, सिनेमाला तालुक्याला जाणे, हे बाईमाणसाला रोज जमण्यासारखे नाही. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तिच्यासमोर दुसरी कोणती निवड आहे, हे विचारल्याशिवाय तिच्या पाहण्याला पसंती म्हणणे बरोबर नाही. एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की दिवसभर राबलेल्या बाईला त्या वेळात बसायला मिळते, आणि कोणी तिला 'ऊठ' म्हणत नाही. मालिका वाईट असली तरी ती विसावा असते. त्या विसाव्याचे श्रेय मालिकेने स्वतःकडे घेऊ नये, इतकेच.

पैशाचाही एक धागा आहे. केबलवाल्याला महिन्याचे ठरलेले पैसे देऊन येईल ते पाहायचे, अशी जुनी रीत होती. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दररचनेनुसार शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे सुमारे १५३ रुपये, आणि त्याशिवाय हव्या त्या सशुल्क वाहिनीचे वेगळे पैसे, असा हिशेब आला. वाहिनीचे नाव घेऊन पैसे मोजायला लागल्यापासून टीकेचा सूर बदलला. 'फुकट आहे तर काय बोलणार' हा संकोच गेला आणि 'पैसे भरतो ना भाऊ' हे वाक्य आले. ज्यांना तेही परवडत नाही त्यांनी छतावर प्रसार भारतीच्या फ्री डिशची छत्री लावली. तिला महिन्याचे भाडे नाही, पण मोठ्या मराठी वाहिन्यांच्या ताज्या मालिका तिच्यावर सहसा मिळत नाहीत. गावातली सगळ्यात हलाखीची घरे अशा रीतीने चर्चेतल्या मालिकेच्या बाहेर पडली आणि तिच्या मोजणीच्याही.

आता दुसरी तक्रार, जी मला सगळ्यात गंभीर वाटते. मराठी मालिकेत खेडे दाखवायचे म्हणजे ऊस, चिरेबंदी वाडा, फेटा बांधलेला पाटील आणि सातारा-कोल्हापूरकडची रांगडी बोली, असा संकेत पक्का झाला आहे. सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांत जाऊन मालिकांचे चित्रीकरण झाले आणि ते स्वागतार्हच होते. त्या मातीचा वास पडद्यावर आला. पण अकरा जिल्ह्यांच्या विदर्भात खेडी आहेत आणि ती त्या खेड्यांसारखी नाहीत. इथे ऊस नावाला. पश्चिमेला कपाशी, सोयाबीन आणि तूर, वरूड-मोर्शीकडे संत्रा, आणि पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान. इथला कास्तकार कर्जाच्या, पावसाच्या आणि भावाच्या कात्रीत वर्ष काढतो, आणि आत्महत्येची बातमी झाल्याशिवाय तो पडद्यावर येत नाही. मालिकेतल्या शेतकऱ्याच्या घरात सोयाबीनची रास पडली आहे आणि भाव नाही म्हणून ती विकायची की ठेवायची यावर नवराबायकोत वाद झाला आहे, असे दृश्य पाहिल्याचे मला आठवत नाही. खरे तर त्यात सासूसुनेच्या भांडणाइतकेच नाट्य आहे, आणि ते दर दिवाळीला घरोघर घडते.

बोलीच्या बाबतीत तर अन्याय उघड आहे. वऱ्हाडी माणूस विनोदाला आवडतो. 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरे यांनी आमच्या बोलीला महाराष्ट्रभर ओळख दिली, आणि आमच्याकडे त्यांचे कौतुक मनापासून आहे, कारण ते बोलीला हसवत नाहीत, बोलीतून हसवतात. पण त्या कार्यक्रमामागून आलेल्या अनेक मालिकांत पहारेकरी, स्वयंपाकी, नायकाचा बावळट मित्र यांच्या तोंडी 'काऊन', 'कायले', 'लय' पेरून काम भागवले जाते, आणि तोच माणूस शिकून मोठा झालेला दाखवायचा असला की त्याची बोली पुण्याची होते. कलेक्टर झालेली वऱ्हाडी मुलगी घरी आईशी फोनवर वऱ्हाडीत बोलते, ही रोजच्या आयुष्यातली साधी गोष्ट पडद्याला अजून सुचलेली नाही. शाळेतली मुले मालिकेतल्या पहारेकऱ्याची नक्कल करून एकमेकांना चिडवतात, तेव्हा ती आपल्याच आजोबांच्या बोलण्याची टिंगल करत असतात. "आमाले असंच समजते काय हे लोक?" असे एखादा म्हातारा विचारतो, तेव्हा तो मालिकेच्या दर्जावर बोलत नसतो. त्याचा प्रश्न मानाचा असतो.

तिसऱ्या तक्रारीपाशी मात्र माझी सहानुभूती आखडते. नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहणारी नायिका, पुनर्विवाह करणारी विधवा, सासऱ्याला उलट उत्तर देणारी सून यांच्यावरही 'असं कुठं असते काय?' हीच टीका होते, आणि ती बहुधा पुरुषांच्या तोंडून, पानठेल्यावर होते. असे असते हे त्यांनाही ठाऊक असते. ते असू नये असे त्यांना वाटते. ही टीका प्रेक्षकाची आहे म्हणून ती आपोआप योग्य ठरत नाही. खलनायिकेचे काम करणाऱ्या नटीला बाजारात अडवून सुनावणे, तिच्या चारित्र्यावर बोलणे, हाही त्यातलाच प्रकार, आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. तरी यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रागाने बोलायला प्रेक्षकाला समोर दिसते ती फक्त नटी. कथा कोणी वळवली, कोणत्या आकड्यावरून वळवली, कोणत्या मजल्यावरच्या बैठकीत वळवली, हे त्याला दिसत नाही. ज्याचा दोष नाही त्याच्यावर राग निघतो, कारण ज्याचा दोष आहे त्याच्यापर्यंत वाट नाही.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीशी तुलना केली की हे पुरेसे स्पष्ट होते. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत. गावचे मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा ऐकले. तिथलीही नाटके काही वास्तववादी नसतात. अश्रू, योगायोग, गाणी, दुष्ट जमीनदार, सगळे असते, आणि रात्रभर असते. पण रंगले नाही तर प्रेक्षक त्याच क्षणी सांगतो. आवडलेल्या गाण्याला वन्समोअर मिळतो, लांबलेल्या प्रवेशात शिट्ट्या वाजतात, नट तिथल्या तिथे प्रवेश आवरता घेतो, आणि सकाळी चहा पिताना मंडळाचा अध्यक्ष मालकाला काय ते ऐकवतो. फसलेल्या मंडळाला त्या गावात पुढच्या वर्षी तारीख मिळत नाही. प्रेक्षकाचे म्हणणे आणि कर्त्याचे पोट यांच्यात अंतर नसल्यामुळे तिथे टीका साचत नाही, आणि साचत नसल्यामुळे ती कडवटही होत नाही. मालिका पाहणारी आणि नाटक पाहणारी माणसे तीच आहेत, भडकपणाही दोन्हीकडे आहे. फरक प्रेक्षकाच्या अधिकारात आहे.

दूरचित्रवाणीलाही असे काही कधीच जमले नाही असे नाही. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'हमलोग' मालिकेत भागाच्या शेवटी अशोककुमार समोर येऊन प्रेक्षकांशी बोलत. त्यांच्या नावाने पत्रांचा पाऊस पडत असे. उत्तर देणारे कोणीतरी आहे, एवढ्या भरवशावर माणसे पत्र लिहायला बसत. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमात तर शेतकरी स्वतः पडद्यावर दिसत होता. सरकारी माध्यमाचे दोष कमी नव्हते आणि त्या काळाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण प्रेक्षकाशी बोलायचे असते हे त्या माध्यमाला मान्य होते.

आज त्यासाठी यंत्रणा आहे असे सांगितले जाते. वाहिन्यांच्या संघटनेने २०११ मध्ये तक्रारींसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली परिषद नेमली. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने केबल नियमांत दुरुस्ती करून तक्रार निवारणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या, आणि पहिल्या पायरीवर वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय कळवावा असे बंधन घातले. कार्यक्रम संहितेत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे, स्त्रियांची अवहेलना करणारे, एवढेच काय, भाषिक आणि प्रादेशिक समूहांकडे तुच्छतेने पाहणारे चित्रणही वर्ज्य ठरवलेले आहे. म्हणजे वऱ्हाडी बोलीच्या टिंगलीविरुद्ध कायद्यात बोट ठेवायला जागा आहे. गाडगेबाबांनी ज्या गावांत नवससायासांवर कोरडे ओढले, तिथल्या घरांत अंगात येणारी देवी मालिकेतून रोज रात्री यावी, यावरही जागा आहे. तरीही माझ्या पाहण्यातल्या एकाही माणसाने ही पायरी चढलेली नाही. मालिका चालू असताना खालून एक पट्टी भरभर सरकत जाते, तिच्यात पत्ता असतो, एवढेच गावाला माहीत. शिवाय संहितेचा भंग झाला का, इतकेच ती यंत्रणा तपासू शकते. 'चार महिन्यांत संपणारी गोष्ट चार वर्षे का दाखवता' किंवा 'आमची कपाशी कुठे आहे' हे गुन्हे नव्हेत, आणि ते गुन्हे होऊही नयेत. सरकारने कथेची लांबी ठरवायला लागावे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण लोकांची नव्वद टक्के तक्रार तीच असेल, आणि तिला कोणतीच पायरी नसेल, तर ती वावरात आणि पानठेल्यावरच राहणार.

वाहिन्यांना यातले काही करायचे असेल तर ते फार अवघड नाही. भागांची संख्या आधी जाहीर करून काही मालिका तरी करता येतील. लेखकाला शेवट माहीत असला की मधले पाणी आपोआप कमी होते. आकड्यांच्या जोडीला माणसे ऐकता येतील. वर्षातून दोनदा, एखाद्या तालुक्याच्या गावी, वेचणी आणि सोंगणी सोडून इतर दिवसांत, लेखकाने बायकांमध्ये बसून चार तास नुसते ऐकले, तर कचेरीतल्या बैठकांत मिळत नाही ते त्याला मिळेल. तक्रारीसाठी मराठीत बोलणारा फोन ठेवता येईल, कारण बोलायला तयार असलेली माणसे लिहायला तयार नसतात.

विदर्भात चित्रीकरण महाग पडते, मुंबईपासून नागपूर आठशे किलोमीटरच्या पुढे आहे, तंत्रज्ञांना आणून ठेवायचे कुठे, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण तक्रार चित्रीकरणाच्या जागेपुरती कधीच नव्हती. वऱ्हाडी आणि झाडीबोली लिहिणारे लेखक इथे आहेत, झाडीपट्टीत दर हंगामाला नवी नाटके लिहून देणारे आहेत, आणि संवाद लिहिण्यासाठी कोणाला गोरेगावात खोली घ्यावी लागत नाही. पहारेकऱ्याचे दोन संवाद तपासून घ्यायला फोनवर पाच मिनिटे पुरतात. तेवढेही आजवर होत नसेल, तर अडचण खर्चाची आहे यावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवणार नाही.